भिंतीवरचा पडदा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ताई,

वर 'प्रिय' लिहावं की नुसतं 'ताई', यात चहा गार झाला. शेवटी नुसतंच लिहिलं. 'प्रिय' वाचून तू नाक मुरडलं असतंस.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. नऊ वर्षांत तीन टाकली आणि तिन्ही 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. नवरा पोस्टमन असण्याचा तोटा असा, की परत आलेली पत्रंही मला यांनीच आणून दिली. पहिल्या वेळी पिशवी खांद्याला तशीच ठेवून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सही करा." थट्टा करत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

आता हे निवृत्त झालेत. चौतीस वर्षं लांबलांबच्या बंदरांचे शिक्के असलेली पाकिटं वाटली, तेव्हा एकदा तरी बोटीने लांब जायचं ही यांची हौस. म्हणून ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. तिथल्या मुलीने संगणकावर जहाज उभं चिरल्यासारखं दाखवलं. बाल्कनीच्या खोल्या निळ्या, खिडकीच्या हिरव्या आणि आतल्या, बिनखिडकीच्या, राखाडी. एक खिडकी अशीही होती जिच्यासमोर लाइफबोट टांगलेली असते, म्हणजे खिडकी आहे पण दिसते नुसती नाव. यांना तीही चालली असती. "नावेच्या कडेने थोडं तरी पाणी दिसेल की," म्हणाले.

मी राखाडीवर बोट ठेवलं. "खोलीत बसायचंय कुणाला? झोपायला तर जायचं."

मुलगी खूश झाली. म्हणाली, "काकू, पहिल्यांदा जाताय ना, मग आतलीच घ्या. जहाजाच्या मधोमध असते, हलत नाही. आणि काळोख इतका मिट्ट की दुपारीसुद्धा रात्र वाटते. झोप काय लागते म्हणून सांगू!"

ते ऐकून माझं बोट आपोआप मागे आलं. पण ठरलं ते ठरलं.

आता खरं कारण. तिने दाखवलेल्या सगळ्या जहाजांत हे एकच तुझ्या गावी थांबतं. शनिवारी, पंधरा तारखेला, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आणि त्या जहाजावर आमच्या ऐपतीत आतलीच केबिन बसत होती. यांना मी ताकास तूर लागू दिलेली नाही. यांना वाटतंय बायको काटकसर करतेय.

मी तुझ्या दारात येऊन हे पत्र हातात देईन. दार उघडलं नाहीस तर खालच्या फटीतून सरकवीन. फटीतून आलेल्या पत्रावर शेरा मारता येत नाही.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. एक गोष्ट तुला माहीत नाही, ती तू ऐकून घ्यावीस. ती इथेच लिहिणार होते, पण कागद संपत आलाय.

बारकी


सोमवार, १० नोव्हेंबर

ताई,

कागद संपला नव्हता. पाठची बाजू अख्खी कोरी होती, तुला दिसेलच.

जहाजावर आलो. जहाज म्हणजे आडवी पाडलेली अकरा मजली इमारत आहे. आमची केबिन तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या आतल्या बाजूला. दार उघडलं की उजवीकडे न्हाणीघर, डावीकडे कपाट, मग पलंग. दोघं एकदम उभे राहिलो तर एकाला बसावं लागतं. आणि पलंगाच्या पलीकडच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, पडदा.

यांचा चेहरा असा फुलला! "अगं, चुकून खिडकीची दिली की काय!" म्हणत धावले आणि पडदा सारला.

मागे भिंत होती. पांढरी, गुळगुळीत, मधे एक खिळासुद्धा नाही. खोली कोंदट वाटू नये म्हणून शोभेला लावतात म्हणे. हे मोठ्याने हसले, मग पलंगावर बसले.

मी पडदा हातात घेऊन बघितला. बत्तीस वर्षं पडदे शिवतेय, सवय जात नाही. चुण्यांना कापड दुप्पट हवं, इथे दीडपटच घातलंय. खालची दुमड मशीनवर भराभरा ओढलेली. पण अस्तर चांगलं होतं. भिंतीला कुणी इतकं चांगलं अस्तर लावतं का? मी लावलं होतं.

तुला आठवत असेलच. मधल्या खोलीतला पिवळ्या फुलांचा. तू प्रवासातून आलीस, चपलासुद्धा न काढता आईकडे गेलीस, "केवढा अंधार करून ठेवलाय!" म्हणालीस आणि उजेड यावा म्हणून तो सारलास. मग माझ्याकडे वळलीस. "बारके, तू आईला कोंडून ठेवलंयस." त्यानंतर तू माझ्याशी धड वाक्य बोलली नाहीस. आई गेली तेव्हा आलीस, तेव्हाही दुसऱ्यांशी बोललीस, माझ्या डोक्यावरून.

हे म्हणताहेत वर डेकवर चल, किनारा दिसेनासा होतोय. जाते. आपल्याला खोलीत बसायचंच नाहीये.


बुधवार, १२ नोव्हेंबर

ताई,

कपाळाला हात लाव. मला केबिनमध्ये बंद केलंय.

आज सकाळी नाश्ता करून डेकवर चालत होते आणि पोट ढवळून आलं. कठड्यापर्यंतही पोचले नाही. एकदाच उलटी झाली, बाकी काही नाही. हे म्हणाले, "लागलं असेल बोटीचं, लिंबू चोख." पण दवाखान्यात एक कागद भरायला दिला, त्यात विचारलं होतं की उलटी झाली का, कधी, पोट दुखतं का. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. मापात चूक नको, ही पडदेवालीची खोड. नर्सने कागद वाचला आणि दोन पावलं मागे सरकली.

जहाजावर पोटाची साथ आलीये. शेवटची उलटी झाल्यापासून पुरे अठ्ठेचाळीस तास खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवण दाराशी ठेवतील. दाराला बाहेरून लाल कागद चिकटवलाय.

आणि गंमत ऐक. यांना काही झालेलं नाही, म्हणून यांना माझ्यापासून वेगळं करायचं. रिकामी खोली एकच होती. सातव्या मजल्यावर. बाल्कनीची!

माझे पोस्टमन बॅग उचलून निघाले तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. जाताना मोबाइलचा चार्जरही त्यांच्याच बॅगेत गेला. आता माझा मोबाइल मेलाय. तसाही या लोखंडी पेटीत त्याला रेंज नव्हती. खोलीतला फोन आहे, पण तो जहाजातल्या जहाजातच लागतो.

अठ्ठेचाळीस तास म्हणजे शुक्रवार सकाळ. शनिवारी तुझं गाव. हिशेब बसतो, काळजी नको. तू काळजी करत असशील असं नाही म्हणायचं मला.


गुरुवार, १३ नोव्हेंबर (यांना विचारून लिहिलं)

ताई,

झोपले, उठले, घड्याळात सात. सकाळचे की संध्याकाळचे? माझं घड्याळ काट्यांचं, ते काही सांगत नाही. टीव्हीवर जहाजाच्या जाहिराती गोल गोल फिरतात. दाराबाहेर ताट ठेवलेलं होतं, टोस्ट आणि सूप. टोस्ट सकाळी खातात आणि सूप संध्याकाळी. आता यावरून काय ठरवायचं?

शेवटी यांना फोन लावला. "सकाळचे," म्हणाले. "ऊन बघ काय पडलंय!" मग बाल्कनीत उभं राहून मला समुद्र सांगायला लागले. पाणी आता निळं आहे, आता शाईसारखं झालं, लांब एक मालवाहू बोट आहे, तिच्यावर डबे रचलेत. पत्ते वाचून दाखवावेत तसं नीट, सावकाश. यांना मी बिनखिडकीची खोली घ्यायला लावली आणि हे मला फोनवरून खिडकी पुरवताहेत.

दुपारी पुन्हा डोळा लागला. जाग आली तेव्हा चहूकडे काळोख. दिवा कुठे ते सापडेना. भिंत चाचपत गेले, पडद्याला हात लागला आणि ताई, मी तो सारला. मला माहीत होतं मागे काय आहे. तरी सारला. भिंतीला हात लावून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. फोन सापडला तेव्हा यांना म्हटलं, "अहो, उजाडलं का?"

हे थट्टेत म्हणाले, "छे! रात्र आहे बाई, झोपा."

मी फोन आपटला. परत वाजला, उचलला नाही. दहा मिनिटांनी हे दाराबाहेर येऊन उभे. "अगं, चेष्टा केली! चार वाजलेत दुपारचे. इतकं काय झालं?" त्यांना काही माहीत नाही. दिवसभर हे टपालाच्या बटवड्याला बाहेर असायचे. घरात मी, आई आणि मशीन.

तुझ्याशी मी भांडणारच आहे, तेवढं आधी उरकते. तू फोनवरून सांगायचीस, तिला फिरायला ने, तिच्याशी बोल, तिला उजेडात बसव. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आठ महिन्यांत एकदा आलीस, तेही दोन दिवस. सगळं विसरायला लागल्यापासून आई दोनदा रस्त्यावर सापडली होती. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरातून बाहेर येते तो तिचा एक पाय खिडकीच्या बाहेर. दुसरा मजला! "घरी चाललेय," म्हणाली. मी तिला कमरेला धरून आत ओढलं. त्याच संध्याकाळी मी मधल्या खोलीतले कापडाचे तागे बाहेर काढले आणि तिचा पलंग आत टाकला. त्या खोलीला खिडकी नाही, म्हणूनच ती निवडली. काळजीपोटी निवडली, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते. तू म्हणालीस कोंडलंस. मी म्हणाले, "तिला काय, झोपायला तर जायचं." परवा ट्रॅव्हलवाल्या मुलीसमोर तेच वाक्य माझ्या तोंडातून आलं आणि मला घरी येईपर्यंत आठवलं नाही ते आधी कुठे वापरलंय.

खोली काळजीपोटी. त्यापुढचं काळजीपोटी नव्हतं. ते उद्या लिहीन.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताई,

आज सकाळी दहाच्या सुमारास मला सोडणार होते. नर्सचा नऊला फोन यायचा होता. आठ वाजता मला पुन्हा उलटी झाली.

कुणी पाहिलं नाही. न्हाणीघर धुतलं, तोंड धुतलं, केस विंचरले. नऊला फोन वाजला. "काकू, कसं वाटतंय? परत काही त्रास?"

'नाही' म्हटलं असतं तर दहा वाजता दार उघडलं असतं. उद्या सकाळी मी तुझ्या गावात असते. मावसबहिणीकडून पत्ता घेतलेला आहे, पोस्टापासून तिसरी गल्ली. नऊ वर्षांचं काम एका शब्दावर आलं होतं. आणि खोटं बोलणं मला जड जातं असं समजू नकोस. मी फार सफाईने खोटं बोलते, ते तुला आज कळेलच.

पण तुझं दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं, तेही मावसबहिणीनेच सांगितलं. तू एकाहत्तर वर्षांची. पलीकडच्या कॉरिडॉरमधल्या दोन म्हाताऱ्यांना सलाइन लावलंय, असं नर्स म्हणत होती. हे दुखणं घेऊन तुझ्या दारात यायचं? आणि माफी मागायची?

"झाली," मी म्हटलं. "एक तासापूर्वी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "मग रविवारपर्यंत थांबावं लागेल हो." फोन ठेवला आणि मी पलंगावर बसून मोठ्याने रडले. रडायला ही खोली चांगली आहे, आवाज कुठे जात नाही.

म्हणजे आता मी तुझ्या दारात येत नाही. पत्रच येईल. तेव्हा आता लिहून टाकते.

मधल्या खोलीत आणल्यावर पहिले काही दिवस आई भिंती चाचपायची. खिडकी शोधायची. मला बघवेना. म्हणून तिथे पडदा लावला, चांगल्या अस्तराचा, खरी खिडकी मागे असावी असा. ती शांत झाली. मग ती पडदा सारायला जायची तेव्हा मी म्हणायचे, "आई, अजून उजाडलं नाही. झोप." आणि ती ऐकायची! पलंगावर जाऊन अंगावर पांघरूण ओढून पडायची. पहिल्या वेळी सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, मशीनवर काम पडलेलं. मला किल्लीच सापडली.

मग ती सवय झाली. आठ महिने. सकाळी अंघोळ आणि खाणं, की लगेच "दिवस मावळला हं आई." संध्याकाळी हे यायच्या आधी दिवा लावून "चल, सकाळ झाली." यांना वाटायचं आई संध्याकाळी किती टवटवीत असते. ती मधूनच म्हणायची, "बाई, हल्ली रात्री फार मोठ्या झाल्यात." मी म्हणायचे, "थंडीचे दिवस आहेत."

तू आलीस त्या दोन दिवसांत मी हे केलं नाही. तुला फक्त पडदा दिसला.

आईच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडे एका सभागृहाचे बेचाळीस पडदे होते, संध्याकाळी द्यायचे. दुपारी दोनला तुझा फोन आला. भांडणानंतरचा पहिलाच. "आईला दे," एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, "झोपलीये. संध्याकाळी कर."

ती झोपलेली नव्हती. मधल्या खोलीच्या दारात उभी होती, चौकट धरून. माझ्यापासून चार हातांवर. तुझा आवाज ऐकला असता तर तिने तुझ्याकडे जायचा हट्ट धरला असता, सगळी दुपार गेली असती. मी फोन ठेवला. तिने विचारलं, "कुणाचा गं?"

"कुणाचा नाही, आई. रात्रीचं कोण फोन करणार? झोप जा."

"उजाडलं की सांग," म्हणाली आणि वळली.

चार वाजता मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ती गेलेली होती. मी तुला सांगितलं, झोपेत गेली, शांतपणे. बाहेर लख्ख ऊन होतं ताई. ती रात्र समजून गेली. मी तिला सांगितलंच नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वाचून झाल्यावर तुला जे करायचं ते कर. परत पाठवलंस तरी चालेल, फक्त वाचून पाठव.


शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी

ताई,

जहाज थांबलंय. पायाखालची घरघर बंद झाली त्यावरून कळलं.

आज यांना खरं सांगितलं. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे हे. जहाज का निवडलं, खोली का निवडली, सगळं. पत्रात काय आहे ते सोडून. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरकव खालून."

"तिने नाही घेतलं तर?"

"चौतीस वर्षांत मी कुणाचं पत्र उघडलं नाही आणि कुणाचं हरवलं नाही," म्हणाले. "पण न घेतलेलं मात्र पुष्कळ परत आणलंय. ते काही माझ्या हातात नाही." वर म्हणाले, "घालतो तीच जुनी टोपी. टोपी बघितली की लोक सवयीने हात पुढे करतात."

नर्सने दिलेले हातमोजे घालून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते नेणार आहेत. म्हणून हे पत्र असं तुझ्याकडे आलं. घाबरू नकोस, कागदाने काही लागत नाही म्हणे. तरी हात धू.


शनिवार, १५ नोव्हेंबर

ताई,

हे टपालाने येईल. तुला दिसलं नाही ते लिहिते, आणि तुला माहीत आहे तेही, कारण मला ते पुन्हा ऐकायचंय.

हे परत आले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. दाराबाहेरून म्हणाले, "घेतलं. टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतलं." एवढंच. मी म्हटलं, "चेहरा कसा होता?" तर म्हणाले, "केस सगळे पांढरे झालेत. आईंसारख्याच दिसायला लागल्यात." मग बाल्कनीत जाऊन बसतो म्हणाले, कारण ती बाजू धक्क्याकडे होती.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते विचारू नकोस. पलंग ते दार सहा पावलं, दार ते पलंग सहा पावलं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता सगळं संपलं. आधी निदान तू माझ्यावर कोंडलं म्हणून रागावलेली होतीस. आता मी तुझ्या हातात खरंखुरं कारण दिलं होतं.

मग फोन वाजला. हे धापा टाकत होते. "अगं, खाली आल्यात! फाटकाच्या बाहेर, काळी छत्री घेऊन. पत्र देताना माझा नंबर दिला होता, त्यावर फोन आलाय त्यांचा. फोनला फोन चिकटवून धरतो. बोल."

खरखर झाली. मग तू म्हणालीस, "बारके."

नऊ वर्षांनी कुणीतरी मला बारके म्हणालं. 

"सव्वातीन वाजलेत," तू म्हणालीस. "दुपारचे. ऊन आहे. मी छत्री उघडून उभी आहे."

"ताई, वाचलंस?"

"दोनदा." मग म्हणालीस, "त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. माफ केलं वगैरे म्हणायला मी आलेले नाही. आत बसलेल्या माणसाला कुणीतरी वेळ सांगायला हवी, म्हणून आले."

आणि ठेवलास. मी फोन छातीशी धरून बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा. "साडेतीन." ठेवलास. "पावणेचार. इथे एक बाई केळी विकतेय, तिने मला स्टूल दिलंय." ठेवलास. यांचा हात भरून आला असेल दोन फोन धरून, पण बोलले नाहीत एका शब्दाने.

मग चार वाजले. त्या वेळी तू ठेवला नाहीस. मी पण नाही. तुझा श्वास ऐकू येत होता, पायऱ्या चढून आल्यासारखा.

"त्या दिवशी आई झोपलीये म्हणालीस," तू म्हणालीस, "तेव्हा मला बरं वाटलं गं. सुटले असं वाटलं. ती मला ओळखणार नाही, हीच भीती होती. संध्याकाळी मी फोन करणार नव्हते, बारके. तू सांगितलं होतंस तरी करणार नव्हते. तुझी पत्रं यायची तेव्हा वाटायचं, तुला ते कळलंय आणि तेच लिहिलं असशील."

मी रडत होते, तू रडत नव्हतीस. लहानपणापासून हे असंच. मी म्हटलं, "ताई, मला काही कळलं नव्हतं." तू म्हणालीस, "आता कळलं." आणि मग जरा वेळाने, नेहमीच्या दटावणीच्या आवाजात, "पाणी पीत जा. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं."

पाचला भोंगा झाला. एवढा एकच बाहेरचा आवाज या खोलीपर्यंत पोचतो. त्याच्यावरून तू ओरडून म्हणालीस, "पाच! ऊन उतरलंय. सुटलं बघ तुमचं जहाज." हे सांगतात की फाटक बंद झालं तरी छत्री बराच वेळ दिसत होती.

घरघर पुन्हा सुरू झाली तेव्हा मी खुर्ची ओढली, वर चढले आणि त्या पडद्याच्या रिंगा एकेक करून काढल्या. घडी घालून कपाटात ठेवला. साफसफाईवाली चिडेल, चिडू दे. मागे भिंत आहे तर भिंत दिसू दे.

उद्या मला सोडताहेत. सकाळी दहाला. सकाळीच ना, असं नर्सला दोनदा विचारून घेतलं.

हे पत्र घेशील की शेरा मारून परत पाठवशील, ते तुझं तू ठरव. आत्ता इथे सहा वाजलेत, ताई. संध्याकाळचे.

बारकी